आधी जुना द्या

पागनीसकाकांकडून नवा कागद हवा असेल तर आधी जुना परत द्यावा लागतो. हा नियम त्यांनी स्वतःच केला आणि माझ्या माहितीत एकदाही मोडला नाही. एका मंगळवारी आमच्याकडे जुना कागद सापडेना. कामाला असलेल्या रामकलीने स्वयंपाकघर उलथंपालथं केलं, मी कपाटं उपसली, आणि काका पिशवी पोटाशी धरून दारात शांतपणे उभे. शेवटी कागद पिठाच्या डब्याखाली निघाला. तेलकट झालेला, आणि एक कोपरा गायब. काकांनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि विचारलं, "कोपरा कुठे आहे?" त्या कोपऱ्याने सकाळी देवापुढचा दिवा पेटवला, असं रामकलीने खाली मान घालून कबूल केलं. "म्हणजे नष्ट झाला न? मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि तेव्हा कुठे नवा कागद पिशवीतून बाहेर आला.

मला इतका संताप आला होता की पुढच्या वेळी या माणसाला दार उघडायचंच नाही, असं मी रामकलीला बजावलं. पुढच्या मंगळवारी दहा वाजल्यापासून मीच दाराकडे बघत बसले होते. कागद होताच तसा.

मी ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत अकरा म्हाताऱ्या बायकांचं घर सांभाळते. सरकारदरबारी त्याला वृद्धाश्रम म्हणतात. पण आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या इंदूआत्यांना हा शब्द खपत नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई, नको तो शब्द कानावर आला की अजूनही हात पट्टी शोधतो. त्या 'बिऱ्हाड' म्हणतात, म्हणून आम्ही सगळ्याच बिऱ्हाड म्हणतो. कामाला मी, रामकली, आणि अधूनमधून टिकणारी एखादी नवी बाई.

असं बिऱ्हाड चालवताना रोज उठून काहीतरी माहिती लागते. डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात? चाकांची खुर्ची मोडली तर कोण दुरुस्त करतं? पेन्शनवाल्या आजींचं झिजलेलं बोट यंत्राला ओळखू येईना, तर त्या जिवंत आहेत हे कोणत्या साहेबाला जाऊन पटवायचं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर किती वेळाने वळवावं? हे सगळं कोणीतरी कुठेतरी ठरवलेलं असतं, छापलेलंही असतं. आमच्यापर्यंत येईतो ते बदललेलं असतं. पूर्वी मी रिक्षा करून म्हातारीला घेऊन जायचे आणि खिडकीवर कळायचं की वार बदलला. असं झालं की मी परत येऊन रामकलीवर ओरडायचे, कारण दुसरं कोणी हाताशी नसायचं.

मग पागनीसकाका आले. ते आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या घरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या दफ्तरात आवक-जावक विभागात होते. म्हणजे आलेला कागद वहीत चढवायचा आणि गेलेला कागद वहीतून उतरवायचा. जन्मभर हेच केलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात आलं की आपण इतके कागद गावभर पाठवले, पण पोचले का, वाचले का, हे काही आपण पाहिलं नाही. दुसरा कोणी असता तर हा विचार चहाबरोबर गिळून टाकला असता. काकांनी फुलस्केप कागद आणले. शहरातली म्हाताऱ्यांची, अपंगांची घरं, दिवसा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी केंद्रं, घरोघरी आया पाठवणारी एक बाई, अशी आठ ठिकाणं निवडली. दर आठवड्याला स्वतःच्या हाताने एक 'सूचना' लिहायची, बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, तिच्या झेरॉक्स काढायच्या, आणि मंगळवारी टेंपोने आठही ठिकाणी जाऊन हातात द्यायच्या. वर हिंदीत, आयांसाठी. खाली मराठीत, आमच्यासारख्या घरांसाठी. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी काही देत नव्हतं.

त्यांचा लाडका शब्द 'खातरजमा'. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. त्यामुळे त्यांची सूचना सरकारी परिपत्रकासारखी सुरू व्हायची आणि भलतीकडेच जायची. 'डोळ्यांची तपासणी बुधवारऐवजी शुक्रवारी. खिडकी तीन. खिडकीवरचे गृहस्थ सभ्य आहेत पण कानाने कमी, मोठ्याने बोलावे.' 'चाकांची खुर्ची दुरुस्त करणारा बाड्याजवळ सायकलच्या दुकानात बसतो. पाटी नाही. हाक मारावी, झोपला असल्यास पुन्हा मारावी.' 'उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला तहान लागत नाही, पण पाणी लागते. विचारू नये, द्यावे.' हे शेवटचं वाक्य आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर रामकलीने कोळशाने लिहून ठेवलंय. ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला त्याची किंमत कळेल.

एकदा एका दवाखान्यात चाकांच्या खुर्च्यांसाठी नवा उतार बांधला. उतार पुरेसा सौम्य आहे की नाही याची खातरजमा करायला काका आमची खुर्ची आणि रामकलीला घेऊन गेले. स्वतः खुर्चीत बसले आणि रामकलीला ढकलायला लावलं. वर पोचेपर्यंत रामकलीला धाप लागली. दारावरच्या माणसाने या दोघांना बघून काकांना सरळ तपासणीच्या रांगेत पुढे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. काकांचा पाय असा उडाला की डॉक्टर मागे सरकले. काकांनी उभं राहून त्यांना नमस्कार केला आणि रामकलीला घेऊन उतारावरून चालत खाली आले. त्या मंगळवारच्या सूचनेत होतं, 'उतार फार चढा आहे. ढकलणारी दोन माणसे न्यावीत. डॉक्टर चांगले आहेत.'

आमच्याकडे यायची त्यांची वेळ अकराची. दारातच उभे राहायचे. कितीही म्हटलं तरी आत येत नसत, चपला काढत नसत. "मी ड्यूटीवर आहे, ताई. अजून पाच ठिकाणं राहिली आहेत." जुना कागद घेतला की पिशवीतून छोटं शाईचं पॅड आणि रबरी शिक्का निघायचा. जुन्या कागदावर 'परत मिळाला' असा शिक्का, खाली तारीख आणि सही. मग नवा कागद. तो मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. आणि वाचून झाल्यावर मला एक प्रश्न विचारावाच लागे. विचारला नाही तर ते विचारत. "मग सांगा ताई, पाणी कधी द्यायचं?" मी पन्नाशीची बाई, दारात उभी राहून शाळेतल्या मुलीसारखी उत्तर देत असे, आणि मागून इंदूआत्या चष्म्यावरून बघत मला मार्क देत असत. एकदा त्यांनी कागदच हिसकून घेतला आणि काकांना सांगितलं की तुमचं तिसरं वाक्य फार लांब आहे. काकांनी पुढल्या आठवड्यापासून वाक्यं छोटी केली. इंदूआत्यांचं बाहेरच्या माणसाने ऐकलं, असं त्या घरात तेव्हा प्रथमच झालं असावं.

"पण काका, जुना कागद कशाला न्यायचा?" मी एकदा विचारलं होतं.

"ताई, नवा कागद न येणं परवडतं. पण जुना भिंतीवर राहिला तर लोक त्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडतात. मी तो नेतो आणि नष्ट करतो."

मला हे पटलं. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. या माणसाला आमच्या घरातलं सगळं कसं कळतं? आमच्यातल्या मनोरमाबाईंच्या तोंडाची चव गेली, तर पुढच्या मंगळवारी काकांच्या पिशवीतून लिंबाचं लोणचं निघालं. रामकलीच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तर काकांनी विचारलं, "पाहुणे येऊन गेले न? काय म्हणाले?" रामकलीने ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं. इंदूआत्यांना संशय होता की मी फितूर आहे. मला संशय होता की त्याच फितूर आहेत.

अशी सहा वर्षं गेली आणि मग खाती एक झाली.

म्हाताऱ्यांचं एक खातं होतं, अपंगांचं दुसरं, दोन्हींची दफ्तरं बाड्याजवळ दोन जुन्या खोल्यांत. ती जोडून एकच खातं झालं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत गेलं. 'आता सर्व सेवा एका छताखाली' अशी पाटी लागली. काका पहिल्याच दिवशी जाऊन आले. 'छत एक आहे याची खातरजमा केली,' त्यांनी लिहिलं, 'पण म्हाताऱ्यांची खिडकी तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. लिफ्टची चावी ज्यांच्याकडे असते त्यांचे नाव पुढील सूचनेत.'

नव्या खात्याने आम्हा सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. त्यावर पहाटेपासून गुलाबाची फुलं यायची, आणि फुलांच्या मधे एखादं परिपत्रक, त्यानंतर तेच रद्द केल्याचं, मग रद्द केलेलंच पुन्हा. काकांकडे तसला फोन नव्हता. मंगळवारी ते दारात उभे राहून मला ग्रुप वाचून दाखवायला सांगत, फुलं सोडून. एक दिवस मी खवचटपणे म्हटलं, "काका, आता तुम्हाला विश्रांती. सगळं फोनवर येतं." काका हसले नाहीत. जुन्या कागदावरचा शिक्का त्या दिवशी वाकडा पडला. मला वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही. तशी मी भांडखोर आहे आणि माफीच्या बाबतीत कंजूष.

मग त्याच ग्रुपवर आमचं मरण आलं. सगळ्या घरांची नव्याने नोंदणी होणार. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या घरांनी गेल्या दोन वर्षांच्या रोजच्या नोंदी दाखवायच्या: कोण आजारी पडलं, डॉक्टर कधी आले, काय खायला दिलं. नोंदी नसतील तर त्या घराचं शहराबाहेरच्या मोठ्या आश्रमात 'समायोजन'. इंदूआत्यांनी तो शब्द दोनदा वाचायला लावला. "माझं सासरी कोणाशी समायोजन झालं नाही," त्या म्हणाल्या, "आता ऐंशीनंतर दोनशे बायकांशी काय होणार?" सगळ्या हसल्या. संध्याकाळी मनोरमाबाईंनी आपली ट्रंक पलंगाखालून ओढून कपडे घड्या घालायला घेतले, तेव्हा कोणी हसलं नाही.

काका तो आश्रमही बघून आले. वाईट म्हणाले नाहीत, त्यांनी कोणाला उगीच वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. "स्वच्छ आहे, ताई. लोक बरे आहेत. पण पलंगापासून संडास साठ पावलं. मी मोजून आलो. मनोरमाबाई तर चाळीसच चालतात." चाळीस हा आकडा त्यांना कोणी सांगितला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मी म्हटलं, काळजी नको, आपली वही आहे. कपाटातून वही काढली. लाल कापडी बांधणीची, खाकी कव्हर घातलेली जाडजूड नोंदवही. पहिल्या पानावर 'श्री', त्यावर हळदीकुंकू. पुढे सुंदर अक्षरात चार दिवसांच्या नोंदी. आणि मग कोरी. शेवटच्या पानापर्यंत कोरी.

दोष कोणाचा हे सांगायला नकोच. ती वही मी 'साहेब आले की दाखवायला' म्हणून जपून ठेवली होती. तिच्यात खाडाखोड नको, डाग नको, पेन्सिल नको, म्हणून मी रामकलीला तिला हात लावू देत नव्हते. रोजची नोंद आधी कच्ची करायची आणि रविवारी मी वहीत उतरवायची, असं ठरलं होतं. तो रविवार काही उगवला नाही. कच्ची नोंद मात्र रोज होत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला काकांची सूचना टांगलेली असायची, शेजारी दोरीला पेन्सिल. सूचनेची मागची बाजू कोरी. रामकली तिथे लिहायची, मी लिहायचे, येता-जाता ज्या आजीला वाटेल ती लिहायची; दुसरीने काय लिहिलंय ते कोणी वाचत नसे. महिन्यातून एकदा डॉक्टर येत, ते हाताला लागेल तो कागद घेत, म्हणून औषधंही तिथेच, खाली त्यांची सही. आणि दर मंगळवारी तो कागद आम्ही काकांच्या हातात देत होतो. नष्ट करायला.

मी वही मांडीवर घेऊन रडले. रामकलीने पाणी आणून दिलं. विचारलं नाही, दिलं.

दुसऱ्या दिवशी मी माधवगंजात काकांचं घर शोधत गेले. सहा वर्षांत कधी गेले नव्हते. का गेले, तेही धड माहीत नव्हतं. बहुधा कोणाला तरी सांगायचं होतं की चूक माझी आहे आणि शिक्षा त्या अकराजणींना होणार आहे. एका भांड्यांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं आणि मला पाहून ते अर्धवट पुन्हा लोटलं.

"ताई, आपण? मीच आलो असतो न. आत सगळं पसरलेलं आहे."

मी दारातच सगळं सांगितलं. वही, खिळा, पेन्सिल, आणि त्यांनी नष्ट केलेले सगळे कागद. काका ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. मग ते बाजूला झाले.

आत एक पलंग, एक खुर्ची, एकच ताट-वाटी पालथी घातलेली. आणि भिंतीला लावलेल्या लांब फळीवर आठ गठ्ठे, सुती नाडीने बांधलेले. प्रत्येकावर त्या त्या घराचं नाव. आमचा डाळ-तेलाच्या डागांनी फुगून सगळ्यात जाड. सगळे कागद पालथे ठेवलेले, मागची बाजू वर.

"नष्ट करायचेच होते," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "वेळच नाही मिळाला."

सहा वर्षं वेळ मिळाला नव्हता. मी आमच्या गठ्ठ्याची नाडी सोडली. रामकलीचं हिंदी, माझं घाईचं मराठी, इंदूआत्यांचं खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं अक्षर. 'मनोरमा चव नाही म्हणते.' 'लड़के वाले इतवार को आएँगे.' 'मनोरमाबाई आज चाळीस पावलं चालल्या, टाळ्या वाजवल्या.' लोणचं कुठून आलं आणि चाळीसचा आकडा कुठून आला, ते मला एकदम कळलं. हा माणूस दर मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन, एकट्याचं जेवण करून, आमचा आठवडा वाचत बसत होता. पत्र यावं तसा. मला रडू आलं आणि हसूही आलं. काकांनी विचारलं, "मनोरमाबाईंचं बीपी आता बरं आहे न? गेल्या आठवड्यात नोंद नव्हती."

सुनावणी नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची चावी ज्यांच्याकडे असते ते काकांना ओळखत होते, म्हणून आम्ही गठ्ठा घेऊन लिफ्टने गेलो. अधिकारी मॅडम तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या, समोर फायलींचा ढीग आणि चेहऱ्यावर अपुरी झोप. मी वही पुढे केलीच नाही. गठ्ठा ठेवला आणि खरं काय ते सांगून टाकलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "ये तो रद्दी है." काका पुढे झाले आणि कागद सुलटा करून दाखवला. "मैडम, ये शिक्का देखिए. तारीख है, दस्तख़त है. हर मंगलवार का है, दो साल में एक भी मंगल नहीं छूटा. पीछे डॉक्टर साहब की सही है."

मॅडम चाळू लागल्या. दोन कागद, पाच कागद. बीपी, ताप, जुलाब, डॉक्टर आले, डॉक्टरांनी गोळी बदलली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मराठी नोंदी त्यांना वाचता येत होत्या पण कळत नव्हत्या, म्हणून काकांना अर्थ सांगायला सांगितला. काका सरकारी आवाजात हिंदी करून सांगू लागले, "इंदू आत्या रूठ गईं. कारण, बैंगन. शाम को खाना खाया."

मॅडमना हसू आवरेना. "ये भी रिकॉर्ड है?"

"मैडम, बीपी तो मशीन भी लिख देगी," काका म्हणाले. "रूठी थीं और शाम को खाना खा लिया, ये तो घर वाला ही लिखेगा."

मॅडमनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. शेवटी त्यांनी आमच्या अर्जावर लिहिलं, सही केली, आणि बिऱ्हाड जागच्या जागी राहिलं. मग त्या म्हणाल्या की हे कागद मूळ पुरावा म्हणून फायलीला लागतील, आणि यापुढे नोंदी रोज वहीतच व्हायला हव्यात.

काकांचा हात गठ्ठ्यावर होता. तो तिथेच राहिला. "वापस मिलेंगे?" त्यांनी विचारलं. आवक-जावकमध्ये जन्म काढलेला माणूस. फायलीला गेलेला कागद परत येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मॅडमनी नकारार्थी मान हलवली. काकांनी नाडी पुन्हा बांधली, गाठ नीट बसली का पाहिली, आणि गठ्ठा पुढे सरकवला. "तो पावती दे दीजिए," एवढंच म्हणाले. पावतीची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

त्या दिवशी बिऱ्हाडात शिरा झाला. मनोरमाबाईंची ट्रंक पलंगाखाली परत गेली. इंदूआत्यांना वांग्याची गोष्ट दफ्तरात वाचली गेल्याचं कळलं, तेव्हा त्या पुन्हा रुसल्या आणि संध्याकाळी पुन्हा जेवल्या. रामकलीने ते वहीत लिहिलं. पेनने, एकही खाडाखोड न करता.

मंगळवारी अकरा वाजता काका आले. "आधी जुना द्या."

मी खिळ्यावरचा कागद काढून दिला. त्यांनी शिक्का मारला आणि, बहुधा सवयीने, कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. आम्ही शहाण्या झालो होतो, सगळं वहीत लिहीत होतो.

"छान," काका म्हणाले. "असंच पाहिजे. नोंदी वहीतच." कागद त्यांनी पिशवीत ठेवला. नवा दिला. मी वाचला. वाचून झाल्यावर मी प्रश्न विचारला नाही, आणि त्यांनीही विचारला नाही. पायऱ्या उतरताना मला ते पहिल्यांदा म्हातारे वाटले. मी आत येऊन वही आपटली. माझ्या बिऱ्हाडाला पत्ता राहिला होता आणि त्याची किंमत म्हणून त्या माणसाचं टपाल बंद झालं होतं, आणि ते मीच बंद केलं होतं.

इंदूआत्या चष्म्यावरून सगळं बघत होत्या. "ती पेन्सिल कुठे गेली?" त्यांनी विचारलं. "परत बांधा."

पुढचा आठवडा स्वयंपाकघराच्या दाराशी गर्दी. जिला लिहिता येत नव्हतं तिने रामकलीकडून लिहवून घेतलं. वहीत सरकारसाठी आणि कागदामागे काकांसाठी, अशा दोन नोंदी होऊ लागल्या. जागा पुरेना म्हणून मनोरमाबाईंनी समासात उभं लिहिलं. शेवटी इंदूआत्यांनी पेन्सिल घेतली आणि खाली चार ओळींची जागा आपल्यासाठी आखून घेतली.

मंगळवारी काका आले. आधी जुना मागितला. मी दिला. त्यांनी शिक्का मारला, सही केली, आणि कागद न उलटता पिशवीकडे नेला.

"काका," मी म्हटलं, "आज मागची बाजू वाचा. मोठ्याने. मग मी प्रश्न विचारणार आहे."

त्यांनी कागद उलटला. चष्मा वर केला, पुन्हा खाली आणला. पहिल्या ओळी मनातच वाचल्या, ओठ हलत होते. अगदी खालच्या चार ओळींपाशी आले तेव्हा मोठ्याने वाचू लागले, सरकारी आवाजात, पण तो आवाज टिकला नाही. 'आज भोपळ्याची भाजी केली आहे. रामकली म्हणते चांगली झाली. माझा विश्वास नाही. पागनीसांनी जेवायला थांबून खातरजमा करावी. इंदू.'

"तर मग सांगा काका," मी विचारलं, "कधी जेवायला बसायचं?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, पिशवीतल्या उरलेल्या पाच कागदांकडे पाहिलं. मग पिशवी दाराशी भिंतीला टेकवून ठेवली आणि एका हाताने चौकट धरून, सावकाश, चपला काढल्या.